सात बंदरं आणि एक वही

"तिन्हींपैकी खरी पद्धत कुठली, मास्तर? तेवढं एका वाक्यात सांगा, मी लगेच निघते."

हर्षला तांडेलने अजून पायातली चप्पलही काढली नव्हती.

बुऱ्हान मास्तर मनोऱ्याच्या पायरीवर बसून एका गंजलेल्या कुलपात खोबरेल तेल सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी पाणी पी. टेकडी चढून आलीस."

"पाणी नको."

मास्तरांनी तांब्या तिच्याकडे सरकवला आणि पुन्हा कुलपाला लागले. पुण्याला शिकून आलेल्या माणसाला तहान लागत नाही असं नाही, पण कबूल करायला वेळ लागतो. हर्षलाने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि मग अर्धा तांब्या एका दमात संपवला.

"हं," मास्तर म्हणाले. "आता इचार."

पीरटेकडीवरच्या या मनोऱ्याखाली मास्तरांची उभी हयात गेली होती. आधी ते बंदर खात्याचे वादळाच्या इशाऱ्याचे बावटे चढवत, मग वायरलेसवर बसले, मग कॉम्प्युटर आले तेव्हा पन्नाशीत तेही शिकले. निवृत्त झाले तरी खात्याने मनोऱ्याची किल्ली त्यांच्याकडेच ठेवली, कारण ती दुसऱ्या कुणाकडे द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. किनाऱ्यावरच्या सात बंदरांवर सात ऑपरेटर होते. सातही जण कधी ना कधी या पायरीवर बसून शिकून गेलेले.

हर्षला मात्र इथे शिकलेली नव्हती. ती आगरकोंडच्या हिराजी तांडेलाची मुलगी. इंजिनीयर होऊन परत आली, आणि मुख्य बंदरावर वादळाच्या सूचनेचा सगळा कारभार आता तिच्या हातात होता.

तो कारभार समजायला सोपा आहे. प्रत्येक धक्क्यावर दिव्यांचा एक फलक आणि एक भोंगा. वारा फिरला, हवेचा दाब उतरला, की दिवे लागायचे आणि दर्यातली माणसं त्यांच्याकडे बघून काय ते ठरवायची. हे दिवे लावणारा प्रोग्रॅम जावामध्ये लिहिलेला. मुख्य बंदरावर एक मोठा सर्व्हर, आणि ते धरून सात बंदरांवर सात लहान; सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं याच मनोऱ्यावरून. मोठ्याने सांगायचं, लहानांनी करायचं. पण मोठ्याशी बोलणं तुटलं, तरी प्रत्येक धक्क्यावर वारा आणि दाब मोजणारं यंत्र होतंच. प्रोग्रॅम हाताशी असेल तर लहान सर्व्हर आपल्यापुरता निर्णय स्वतः घेऊ शकत होता.

प्रश्न एवढाच की हा प्रोग्रॅम राहायला कुठे ठेवायचा.

"तीन पद्धती आहेत," हर्षला म्हणाली. ती बोटांवर मोजत बोलू लागली. "एक, मोठा सर्व्हर सातही जणांना एकेक प्रत पाठवतो. ज्याची प्रत त्याच्या घरी. दोन, प्रती वाटायच्याच नाहीत. मुख्य बंदरावर एकच सामाईक जागा, सातही जण तिथूनच वाचणार आणि चालणार. तीन, सर्व्हरने काहीच पाठवायचं नाही. आपणच हाताने नेऊन सात ठिकाणी प्रती ठेवायच्या, आणि सर्व्हरने त्या तिथे आहेत असं धरून चालायचं."

"मग तू काय केलंस?"

"दुसरी घेतली. एक जागा, एक प्रत. मी इथे एक ओळ बदलली की तिथे सात गावांत बदलली. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं."

"मग?"

हर्षलाने तांब्यात उरलेलं पाणी संपवलं.

मग काय झालं ते मास्तरांना ठाऊक होतं. अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात दिव्यांची रंगीत तालीम होती. साधा पश्चिमेचा वारा सुटला, मनोऱ्यावरची अँटेनाची थाळी जरा हलली, लाइन गेली... आणि सातही बंदरांचे फलक एकदम विझले. चाळीस मिनिटं. मासेमारीची बंदी होती म्हणून एकही लाँच बाहेर नव्हती, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीची सभा झाली. चेअरमनने सरळ सांगितलं, नारळी पौर्णिमेपर्यंत हे नीट झालं नाही तर दिवे काढून न्या, आम्ही आपले जुने बावटे लावू. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी पहाटे दोनशे लाँचा बाहेर पडणार होत्या. त्यांत पहिली हिराजी तांडेलाची असते. हिराजी त्या सभेत पुढच्याच रांगेत बसला होता. तो एक शब्द बोलला नाही. लेकीच्या बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. चेअरमनच्या बोलण्यापेक्षा तेच हर्षलाला जास्त लागलं होतं.

"दोष मनोऱ्याचा आहे," ती आता म्हणाली. "थाळी घट्ट बसवली असती तर काही झालं नसतं. माझी पद्धत बरोबरच आहे. साहेब म्हणाले, बुऱ्हान मास्तरांना विचारून ये. म्हणून आले."

हे ती मनोरा सांभाळणाऱ्या माणसाला सांगत होती. बोलून झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

मास्तरांना राग आला नाही. त्यांनी कुलूप लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मग आत गेले आणि मेणकापडात गुंडाळलेली एक जाड वही घेऊन आले.

"ही उतरवून घे."

"हे काय आहे?"

"आमचं सगळं. बंदर, मनोरा, मशीन. कधी काय करायचं, काय नाय करायचं."

मास्तरांची ही रीत किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होती. ते वही कुणाला देत नसत. पायरीवर बसायचं, आपल्या हाताने उतरवायची आणि आपली प्रत घेऊन आपल्या बंदरावर जायचं. सातही ऑपरेटर असेच गेले होते. हर्षलाच्या ऑफिसात यावर विनोद व्हायचे, आणि त्यांतले दोनतीन तिनेच केलेले होते.

"मास्तर, सगळी लिहू? आज काय दिवस आहे माहितेय ना? पौर्णिमा चार दिवसांवर आलीय."

"व्हय."

"मग फोटो काढते. दहा मिनिटांत होईल."

ती आता नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्याशी वाद घालायच्या तयारीत होती. पण मास्तर म्हणाले, "काढ."

तिने चौऱ्याण्णव पानांचे फोटो काढले. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून ते थेट ऑफिसच्या सामाईक साठ्यात पाठवले.

"झालं?"

"झालं."

"सगळी वही घेतलीस?"

"सगळी."

मास्तर उठले. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. टेकडीवरून तीन बंदरं दिसतात. डावीकडे मुख्य बंदर, समोर आगरकोंड, आणि खाडीच्या पलीकडे खारदांडे. तिन्ही धक्क्यांवर फलकाचा हिरवा दिवा लागलेला होता. सगळं ठीक आहे, एवढंच तो सांगत असतो.

मास्तरांनी मनोऱ्याच्या खोलीचं दार उघडलं. आत भिंतीवर एक खटका होता. त्यांनी तो खाली ओढला.

मनोऱ्याची घरघर थांबली.

हर्षलाला आधी कळलंच नाही. मग तिने समोर पाहिलं. मुख्य बंदराचा दिवा गेला. मग आगरकोंडचा. थोड्या वेळाने खारदांड्याचाही.

"मास्तर! काय केलंत हे? चालू करा ते, आधी चालू करा!"

मास्तर दारात उभे राहिले.

"पान नऊ वाच."

"काय?"

"वही घेतलीस ना सगळी? पान नऊ वाच बघू."

तिने फोन उघडला. फोटोच्या जागी एक बारीक चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. फोनची रेंजही याच मनोऱ्यावरून यायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तिचे कान तापले होते.

पण ही लाज थोडाच वेळ टिकली. तिने पुन्हा समोर पाहिलं. उजेड उतरत होता. जिथे तिचं गाव असायला हवं तिथे नुसती काळी कड होती. त्या काळ्या कडेला कुठेतरी तिच्या बापाची लाँच ताज्या रंगात उभी होती, पाच दिवसांनी निघायच्या तयारीत. आणि ही सगळी माणसं तिच्या दिव्याकडे बघून परत येणार होती. समुद्र तिने जन्मापासून पाहिला होता. तो एवढा मोठा आहे हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.

"मास्तर..." ती हळू म्हणाली. "लावा ना."

मास्तरांनी खटका वर केला. दिवे परत यायला सहा मिनिटं लागली. ती सहाही मिनिटं हर्षला उभीच होती.

"उद्या सकाळी ये," मास्तर म्हणाले. "कोरी वही आण. दोनशे पानी."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती पायरीवर येऊन बसली.

लिहायची सवय मोडलेली. दहाव्या पानाला बोटं दुखायला लागली, विसाव्याला मान. पण लिहिताना एक गंमत होत होती. डोळ्याने वाचलं की जे निसटून जातं, ते हाताने लिहिताना अडत होतं. हे असं का, असा प्रश्न पडल्याशिवाय तिचा हात पुढे सरकत नव्हता. मास्तर मधून मधून चहा आणून ठेवत आणि निघून जात.

दुपारी तिने एकदा मान वर केली.

"एक विचारू?"

"इचार."

"सात जणांनी सात प्रती उतरवल्या. माणसाचा हात आहे. सात प्रती म्हणजे सात प्रकारच्या चुका. म्हणूनच मी एकच प्रत ठेवली होती. खरं काय ते एकाच जागी असावं ना?"

मास्तर हसले. "पान चाळीस बघ."

तिने पान उलटलं. मग एकेचाळीस. मग परत मागे, पान बारा.

"हे अक्षर वेगळं आहे."

"व्हय."

"आणि हे तिसरंच आहे... मास्तर, ही वही तुमच्या अक्षरात नाही?"

"नाय गो. माझी वही दर्यात गेली. मोठं वादळ आलं त्या साली. मनोरा पडला, खोलीचं छप्पर उडालं. मी दर्ग्यात होतो म्हणून राहिलो. वही ऱ्हायली नाय."

"मग ही?"

"सातजण आले. आपापली घेऊन. दर्ग्याच्या अंगणात बसले तीन दिवस. एकानं वाचायची, दुसऱ्यानं लिहायची. दोघांचं नाय जुळलं तर भांडण. मग तिसऱ्याची बघायची." मास्तरांना ते आठवून पुन्हा हसू आलं. "चा निवून जायचा. पण भांडण मिटल्याबिगर कोणी कपाला हात लावीत नव्हता."

हर्षलाने वहीकडे पाहिलं. आतापर्यंत ती मास्तरांची मूळ वही उतरवते आहे असं समजत होती.

"यात तुमचं किती आणि त्यांचं किती?"

मास्तरांनी जरा विचार केला.

"काय म्हाईत?"

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. सगळा किनारा ज्या माणसाला गुरू मानतो, त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं काही उरलेलं नव्हतं. त्याने वाटलेलंच त्याच्याकडे परत आलेलं होतं. आणि याबद्दल तो अगदी मजेत होता.

तिने पेन उचललं. त्या दिवशी पुढे तिने एकही प्रश्न विचारला नाही.

*

तिसऱ्या दिवशी मुख्य बंदरावर येऊन तिने पद्धत बदलली. आता सामाईक जागा नाही. मोठ्या सर्व्हरने सातही ठिकाणी प्रत पाठवायची, आणि प्रत्येकाने आपल्याजवळच्या प्रतीवर चालायचं. आधी तिने चालू असलेला जुना प्रोग्रॅम सातही ठिकाणी पोचवून ठेवला, मग सुधारलेला नवा पाठवायला घेतला.

शेजारी तिची वही उघडी होती. पान एकतीसवर लिहिलेलं होतं: *प्रत जिथे पोचेल तिथे चालू करत जा.* तिने तसंच केलं. आगरकोंडला पोचली, चालू. पुढच्या बंदरावर पोचली, चालू. दुपारपर्यंत सहा झाली. हर्षलाने चहा मागवला.

तेवढ्यात खारदांड्याहून भिकाजीचा फोन आला. भिकाजी तिथला ऑपरेटर, सातांतला सगळ्यात जुना.

"मॅडम, माझ्याकडं अर्धीच आलीय. मधीच लाइन गेली, फोन तेवढा लागतोय. हितं अजून जुनाच चाललाय."

"हरकत नाही. उद्या पुन्हा पाठवते."

"ती पाठवा. पण एक सांगू? नव्यात तुमी दिव्यांचा अर्थ बदललाय ना?"

तिने बदलला होता. सोसायटीनेच तसं मागितलं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये दोन तांबडे दिवे लागले की अर्थ होता, खाडीच्या तोंडाशी येऊ नका, बाहेरच थांबा. नव्यात दोन तांबड्यांचा अर्थ, ताबडतोब आत या.

"म्हंजे उद्या वादळ आलं," भिकाजी म्हणाला, "तर आगरकोंडला दोन तांबडे, आत या. हितं खाडीपलीकडं दोन तांबडे, बाहेर ऱ्हावा. दर्यात जो उभा हाय त्याला दोन्ही दिसतात, मॅडम. त्यानं काय करायचं?"

हर्षलाच्या हातातला चहा तसाच राहिला.

सगळे दिवे विझलेले असणं हा धोका तिने टेकडीवर पाहिला होता. पण त्याहून वाईट असं काही असेल हे तिला सुचलंच नव्हतं. दिवे लागलेले असतील, माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवेल आणि मरेल. तिने साही ठिकाणचा नवा प्रोग्रॅम थांबवला आणि सगळीकडे जुना परत लावला. मग दोन्ही हातांत डोकं धरून बसली.

वहीत लिहिलं होतं तसंच तर तिने केलं होतं.

संध्याकाळपर्यंत खारदांड्याची लाइन आली नाही. चौथ्या दिवशी सकाळीही नाही. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती.

तेव्हा हर्षला एक पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आगरकोंडच्या धक्क्यावर गेली. हिराजी लाँचवर दोर गुंडाळत होता.

"बाबा, खारदांड्याला सोडता?"

हिराजीने तिच्या हातातली पिशवी पाहिली, काखेतली वही पाहिली. काही न विचारता त्याने धाकटी होडी सोडली. खाडीच्या मध्यावर आल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"हर्षू, सात ठिकाणी सारखं दिसंल ना?"

"दिसेल."

"बास मग."

भिकाजीच्या मशीनवर तिने प्रत स्वतःच्या हाताने ठेवली. पण चालू केली नाही. मुख्य बंदरावरून बाकीच्या सहांनाही नव्याने प्रती पाठवायला लावल्या, आणि तिथेही बजावून सांगितलं, कुणी हात लावू नका, नुसत्या ठेवा. प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रतीवरून मशीन एक लांबलचक आकडा काढून देतं. प्रतीत एक अक्षर जरी कमी असलं तरी तो आकडा बदलतो. ती फोन घेऊन भिकाजीच्या स्टुलावर बसली आणि एकेका ऑपरेटरकडून तो आकडा वाचून घेतला. प्रत्येकाने वाचायचा, तिने आपल्या कागदावर लिहायचा, मग तिने तो पुन्हा वाचून दाखवायचा. एका ठिकाणचा आकडा जुळेना. तिथे प्रत पुन्हा पाठवली. भिकाजी मध्ये चहा घेऊन आला. तिने कपाला हात लावला नाही.

चार वाजता सातही आकडे जुळले.

पाच वाजता तिने फोनवर सांगून सातही बंदरांवर एकाच वेळी नवा प्रोग्रॅम चालू केला.

मग तिने वही उघडली, पान एकतीस काढलं आणि मास्तरांच्या त्या वाक्यावर एक रेघ मारली. खाली स्वतःचं एक वाक्य लिहिलं: *प्रत सगळीकडे पोचली, जुळली, की मगच सगळीकडे एकदम चालू कर.* सात जणांनी तीन दिवस भांडून जमवलेल्या वहीत ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एकटीच ढवळाढवळ करत होती.

*

संध्याकाळी ती टेकडी चढली तेव्हा मास्तर पायरीवरच होते. या वेळी तिने आधी चप्पल काढली, मग तांब्यातलं पाणी न सांगता घेतलं.

"मास्तर, तो खटका ओढाल?"

मास्तर उठले. दार उघडलं. खटका खाली आला आणि मनोऱ्याची घरघर थांबली.

हर्षला पुढे टेकडीच्या कडेला गेली.

समोर मुख्य बंदराचा हिरवा दिवा होता. तो तसाच राहिला. आगरकोंडचा तसाच. खाडीपलीकडे खारदांड्याचाही.

एक मिनिट गेलं. पाच गेली. वारा होता. लाटा खालच्या खडकांवर आपटत होत्या. लाइन नव्हती, मोठा सर्व्हर त्यांच्याशी बोलत नव्हता, हर्षला तांडेल त्यांना काही सांगू शकत नव्हती... आणि तरी ते तिन्ही दिवे आपापल्या धक्क्यावर, आपापला वारा मोजत, जागे होते.

तिचे डोळे भरून आले. आपण केलेली गोष्ट आपल्यावाचून चालताना पाहणं हे असं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला अभिमान वाटायला हवा होता. त्याऐवजी तिला आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही.

मास्तर तिच्या शेजारी उभे होते. तेही बघत होते.

तीन दिवसांपूर्वी विचारलेला प्रश्न तिला आठवला. तो पुन्हा विचारावासा वाटला नाही.

"मास्तर, मला एक सांगायचंय."

"सांग."

"मी वहीत एका जागी बदल केलाय. माझ्या वहीत. पान एकतीस."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

"तिथे लिहिलं होतं, पोचेल तिथे चालू करत जा. मी तसंच केलं, आणि एक दिवसभर दोन बंदरांचे दिवे एकमेकांच्या उलट बोलणार होते. भिकाजीकाकांनी सांगितलं नसतं तर... म्हणून मी ते खोडलं. तुम्हाला न विचारता. चुकलं असेल तर..."

"आण इकडं."

तिने वही दिली. मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला. पान एकतीस काढलं. उरलेल्या उजेडाकडे वही तिरपी धरून त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोट त्या ओळीखालून हळूहळू सरकत होतं.

हर्षलाला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती उभ्या उभ्या पायांची बोटं आवळत होती.

मास्तरांनी वही मिटून तिच्या हातात परत दिली. खोलीत जाऊन त्यांनी खटका वर केला. मनोरा पुन्हा घरघरू लागला. समोरचे दिवे होते तसेच होते. मग आत काहीतरी शोधल्याचा आवाज आला...

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात मेणकापडातली वही होती आणि दुसऱ्यात पेन. मास्तर नेहमी वरच्या पायरीवर बसत. त्या संध्याकाळी त्यांनी तिला वरच्या पायरीवर बसायची खूण केली, आणि स्वतः गुडघ्याला हात टेकत खालच्या पायरीवर बसले.

वही मांडीवर उघडली. पान एकतीस काढलं. एका ओळीवर रेघ मारली.

"हं... वाच, बाय. मी उतरवून घेतो."